मुतखडा झाल्यावर दूध-दही बंद करावं का? बिअरने खडा पडतो का?

म्हापशात सोनोग्राफी केली, 4 मिमीचा खडा निघाला, घरच्यांनी दूध, दही, टोमॅटो बंद केलं आणि मित्र बिअर प्यायला सांगतात, असं तुम्ही लिहिलंय. मी डॉक्टर नव्हे. फोंड्याला राहतो, मुतखड्याची कळ सोसलीय आणि तेव्हा युरॉलॉजिस्टचं डोकं भरपूर खाल्लंय.

आधी दूध-दही सुरू करा. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात (ऑक्झलेट म्हणजे काही भाज्या-फळांत असणारा एक क्षार), म्हणून लोक कॅल्शियमवर घसरतात. पण जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरतं आणि दोन्ही शौचावाटे जातात. ते तोडलंत तर ऑक्झलेट मोकळं राहून रक्तात शिरतं आणि शेवटी लघवीत उतरतं. तेव्हा ऑक्झलेटवाली तांबडी भाजी खायचीच असेल तर त्याच जेवणात वाटीभर दही घ्या. (कॅल्शियमच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारूनच.)

टोमॅटो उगाच बदनाम आहे, त्यात ऑक्झलेट फारसं नसतं. पालकात आणि काजूत भरपूर असतं. करमलं (स्टारफ्रूट), बिंबलं (त्याच जातीची आंबट फळं) तर विचारूच नका. हुमणात, म्हणजे माशांच्या आमटीत, एखाददुसरं पडलं तर ठीक, पण औषध म्हणून बिंबलांचा रस पिऊन किडन्या बिघडल्याची प्रकरणं केरळात नोंदलेली आहेत.

आपल्याकडे खरा चोर मीठ. जास्त मीठ खाल्लं की लघवीतून कॅल्शियमही जास्त जातं. पुरुमेंताची (पावसाळ्यासाठी साठवलेली) सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, खारे बांगडे, लोणची, पापड. पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा कितीतरी घरं यावरच काढतात. दिवसाला सगळं मिळून चहाचा एक चमचा मीठ, त्यापुढे नको.

पाणी किती, यापेक्षा लघवी किती होते ते बघा: दिवसाला अडीच लिटरच्या आसपास. मे महिन्यात बरंच पाणी घामातच जातं, त्यामुळे ठरावीक बाटल्या मोजण्यात अर्थ नाही. लघवी पिवळीधमक दिसली की पाणी कमी पडतंय. लिंबातलं सायट्रेट खडा धरू देत नाही, पण गाड्यावर लिंबू सोडा घेताना मीठ घालू नको म्हणून सांगा.

बिअरने लघवीला जास्त वेळा जावं लागतं, एवढंच. अडकलेला खडा त्याने सरकत नाही, आणि बिअर युरिक ऍसिडही वाढवते, ज्याचेही खडे होतात. कुळथाचं कढण आवडत असेल तर खुशाल प्या, पण 4 मिमीचा खडा बहुतेक वेळा आपणहूनच पडतो, श्रेय कढणाला जातं. पडेल तो खडा गाळणीत धरून तपासायला द्या. ऑक्झलेटचा खडा औषधाने विरघळत नाही, युरिक ऍसिडचा विरघळवता येतो. पुढचं पथ्य त्यावर ठरतं.

कळ येत असताना थंडी वाजून ताप भरला किंवा लघवी थांबली, तर घरगुती काहीही करत बसू नका. रात्र असली तरी सरळ बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) जा.