मोठ्या शहरात तीन दिवस एकटा आहे. प्रदर्शनं आणि बार दोन्ही करायचेत, आखणी कशी करू?

दिवसा तीन संग्रहालयं आणि रात्री चार बार अशी यादी केली असेल तर आधी ती फाडा. मी हे करून बसलोय. तिसऱ्या संग्रहालयात चित्रं सोडून बसायला बाक शोधत होतो.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधली एक पाहणी २००१ साली प्रसिद्ध झाली. लोक एका कलाकृतीपुढे सरासरी २७ सेकंद थांबतात, असं तिच्यात दिसलं. मीही त्यातलाच. लंडनच्या कोर्टोल्ड गॅलरीत एदुआर माने या फ्रेंच चित्रकाराचं १८८२ सालचं बारचं चित्र आहे. काउंटरमागे उभी मुलगी, तिच्यामागे भलामोठा आरसा. बघितलं, पुढे सरकलो. निघताना पाऊस लागला म्हणून परत आत आलो आणि दहा मिनिटं त्याच्यासमोरच उभा राहिलो. तेव्हा कुठे वरच्या डाव्या कोपऱ्यात झुल्यावरच्या कलाकाराचे हिरव्या बुटांतले पाय दिसले. सही तर चक्क एका बाटलीच्या लेबलवर! आणि आरशातली मुलगी पार उजवीकडे सरकलेली. मला वाटलं, चुकलाय गडी.

तर, दिवसाला एकच प्रदर्शन. आधी न थांबता एक फेरी मारायची, मग डोक्यात राहिलेल्या दोन-तीन गोष्टींकडेच परत जायचं. कागदावरची चित्रं फिकी पडू नयेत म्हणून तिथे उजेड मंद, ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आसपासच ठेवतात, डोळे सरावेपर्यंत धीर धरा. सोमवारी बरीच संग्रहालयं बंद असतात, तेवढं आधी बघा.

तिथून चालत जवळच्याच बारमध्ये जा, संध्याकाळी लवकर. एकट्या माणसानं टेबल घेऊ नये, काउंटरलाच बसावं. गर्दी व्हायच्या आत बारटेंडर मोकळा असतो. ड्रिंकचं नाव सुचत नसेल तर 'आंबट चालेल, गोड नको' एवढं सांगितलं तरी पुरतं. पोटात काहीतरी असू द्या, मध्ये पाणी प्या, शेवटची गाडी कितीची ते बघून ठेवा.

त्या संध्याकाळी माझ्या बारमध्येही बाटल्यांमागे आरसा होता. एकेक स्टूल बदलत उजव्या टोकाला गेलो, तशी बारटेंडरची पाठ आरशात उजवीकडे सरकत गेली, हुबेहूब चित्रातल्यासारखी. त्याला वाटलं, मला स्टूल टोचतंय.