अमेरिकेतल्या रेल्वेत ‘टेस्ट’ची नोंद किती वर्षं राहते?

प्रश्न: माझा भाऊ अमेरिकेत मालगाडीवर कंडक्टर आहे. तिथले साहेब न सांगता टेस्ट घेतात आणि सगळं रेकॉर्डला जातं म्हणे. एकदा चुकलं तर ते कायमचं चिकटतं का? आणि हा कंपनीचा नियम की सरकारचा?

उत्तर: ताई, सरकारचाच. फेडरल रेलरोड अ‍ॅडमिनिस्ट्रेशन म्हणजे रेल्वेच्या सुरक्षेवर देखरेख करणारं तिथलं सरकारी खातं. त्याच्या नियमावलीत पार्ट २१७ आहे, त्यात कंपनीने ऑपरेटिंग रूल्स, म्हणजे गाड्या चालवायचे नियम, लिहून ठेवायचे, माणसांना शिकवायचे आणि ते पाळले जातात का हे टेस्ट घेऊन बघायचं असं सांगितलंय. प्रत्येक टेस्टची तारीख, वेळ, जागा, निकाल, कोणी घेतली आणि कोणाची घेतली, एवढं लिहावंच लागतं. कॉम्प्युटरवर ठेवलं तरी चालतं.

कायमचं वगैरे काही नाही. ज्या वर्षी टेस्ट झाली ते वर्ष संपल्यावर पुढचं एक पूर्ण कॅलेंडर वर्ष ठेवायची सक्ती आहे, म्हणजे जानेवारी २०२४ ची नोंद डिसेंबर २०२५ पर्यंत, आणि डिसेंबर २०२४ ची पण तिथपर्यंतच. कंपनीने स्वतःहून जास्त ठेवली तर गोष्ट वेगळी.

आता हे एवढं कशाला, तर ६ जानेवारी २००५ ला साउथ कॅरोलिनात ग्रॅनिटव्हिलला काय झालं बघा. आदल्या संध्याकाळी एका क्रूने गाडी साइडिंगला, म्हणजे बाजूच्या रुळावर, लावली आणि हाताने फिरवायचा सांधा (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारा जोड) मेन लाइनला परत न लावताच निघून गेले, रात्री मागून आलेली मालगाडी थेट साइडिंगला घुसून उभ्या गाडीवर आदळली, क्लोरीन या विषारी वायूचा टँकर फुटला आणि ९ माणसं गेली. सांधा परत लावायचा हा रूल कंपनीच्या पुस्तकात होताच की! त्यानंतर २००८ मध्ये सांध्यांचे रूल थेट फेडरल नियमात आले आणि टेस्टचे नियमही कडक झाले. म्हणून साहेब अचानक येऊन सांधा बघतात त्याचा राग धरू नका. उलट टेस्ट न घेताच ‘पास’ लिहिणारा साहेब जास्त घातक, कारण कुठला रूल सारखा मोडतोय हे त्या नोंदींवरूनच कळतं.

भावाला एक मात्र नक्की सांगा. ड्यूटीच्या तासांची नोंद वेगळी असते, पार्ट २२८ खाली, ती दोन वर्षं ठेवतात आणि त्यावर सही त्याची स्वतःची असते. बारा तासांच्या वर ड्यूटी चालत नाही, तेव्हा कोणी वेळ ‘अ‍ॅडजस्ट’ कर म्हणालं तरी खरी वेळच टाकायची, खोटी नोंद हा तिथे गुन्हा आहे.