वाचकांचे प्रश्न : पर्वतीय स्नोमोबाईलला टर्बो किट बसवावे का?

प्रश्न : माझ्याकडे ८५० सीसीची टू-स्ट्रोक पर्वतीय स्नोमोबाईल (बर्फावर चालणारी गाडी) असून तिचा ट्रॅक, म्हणजे खालचा फिरता पट्टा, १६५ इंचांचा आहे. आम्ही गाड्या सुरू करतो ती जागा सुमारे १२०० मीटर उंचीवर आहे आणि दिवसाचा बराचसा वेळ २४०० ते ३००० मीटरच्या दरम्यान, खोल भुसभुशीत बर्फात जातो. सोबतच्या दोघांच्या गाड्यांना टर्बो आहे; चढावर मी निम्म्यावर पोहोचतो तेव्हा ते माथ्यावर हेल्मेट काढून बसलेले असतात. किट विकणाऱ्याच्या मते सहा पौंड बूस्ट पूर्णपणे सुरक्षित आहे. किट बसवावे का, आणि सहा पौंडांचा हा भरवसा कितपत खरा आहे?

उत्तर : आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचे उत्तर त्याच्यावरच अवलंबून आहे. टर्बो एक्झॉस्टच्या वायूच्या जोरावर फिरतो आणि इंजिनात जादा हवा दाबून भरतो; हा जादा दाब म्हणजे बूस्ट. बूस्टचा काटा दाखवतो तो दाब भोवतालच्या हवेच्या वरचा असतो. इंजिनाला मात्र भोवतालची हवा आणि बूस्ट यांची बेरीज सोसावी लागते. समुद्रसपाटीला हवेचा दाब दर चौरस इंचाला सुमारे १४.७ पौंड असतो, १२०० मीटरवर तो १२.७ च्या आसपास येतो आणि ३००० मीटरवर जेमतेम १०.२ उरतो. म्हणजे तेच सहा पौंड ३००० मीटरवर एकूण १६.२ होतात, तर सकाळी गाडी सुरू करण्याच्या जागी १८.७. पहिला आकडा समुद्रसपाटीच्या दाबापेक्षा दहा टक्क्यांनी अधिक आहे, दुसरा सव्वापटीहून अधिक. त्यामुळे ‘सहा पौंड सुरक्षित’ या वाक्याला उंची सांगितल्याशिवाय काहीच अर्थ नाही, आणि विक्रेत्याने ती सांगितली नसेल तर ती त्याला आधी विचारावी.

साध्या किटमध्ये वेस्टगेटची झडप (टर्बोकडे जाणारा जास्तीचा एक्झॉस्ट वायू बाजूने सोडून देणारी) स्प्रिंगच्या जोरावर चालते आणि तिला केवळ बाहेरच्या हवेपेक्षा दाब किती वाढला एवढेच कळते. शिखराजवळ नेमून दिलेले सहा पौंड ती दरीतही इमानाने देत राहते. ज्या किटमध्ये नियंत्रक बाहेरच्या हवेचा दाब स्वतः मोजतो आणि एकूण दाब ठरावीक मर्यादेत ठेवतो, तेच किट आपल्यासारख्या दिवसभरात १८०० मीटर चढ-उतार करणाऱ्या माणसाने घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ३००० मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या तुलनेत सुमारे ७४ टक्के असते. कागदावर १६५ अश्वशक्तीचे असलेले इंजिन तिथे १२० ते १२५ च्या आसपासच काम करते, आणि आपल्या सोबत्यांमधला व आपल्यातला फरक मुख्यतः एवढाच आहे. टर्बोचा जन्मही याच गरजेपोटी झाला, असे म्हटले तरी फारसे चुकणार नाही. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये त्याचे पेटंट घेतले खरे, परंतु त्याची खरी परीक्षा झाली ती १९१८ मध्ये, अमेरिकेतील कोलोराडोच्या पाइक्स पीक या सुमारे ४३०० मीटर उंच शिखरावर. अभियंता सॅनफर्ड मॉस यांनी विमानाचे लिबर्टी इंजिन तिथे वर नेले. खाली सुमारे ३५० अश्वशक्ती देणारे ते इंजिन शिखरावर २३० पर्यंत घसरले आणि टर्बो जोडल्यावर ३५६ पर्यंत पोहोचले. हरवलेली हवा परत मिळवणे एवढाच त्या प्रयोगाचा हेतू होता, आणि आपल्या गाडीसाठीही मी तेवढाच हेतू धरेन. आपल्या उंचीवर त्यासाठी चार ते साडेचार पौंड पुरतात. त्यापुढचा प्रत्येक पौंड कंपनीने ज्याचा विचार केलेला नाही असा भार पिस्टन, क्रँकशाफ्टच्या बेअरिंग आणि हेडवर टाकतो.

हवा दाबली की ती तापते, ही गोष्ट विक्रेते सहसा ओझरती सांगतात. उणे दहा अंश तापमानाची ३००० मीटरवरची हवा समुद्रसपाटीच्या दाबापर्यंत नेली, आणि टर्बोची कार्यक्षमता ६५ टक्के धरली, तर ती साधारण ३५ अंशांपर्यंत चढते. दाब ४० टक्क्यांहून अधिक वाढूनही घनता मग २३ टक्क्यांच्या आसपासच वाढते. तीच हवा इंटरकूलरने दहा अंशांपर्यंत थंड केली तर वाढ ३४ टक्क्यांपर्यंत जाते. इंटरकूलर नसलेले किट वजनाला हलके आणि बसवायला सोपे असते, म्हणून ते कमी बूस्टसाठी चालूनही जाते, पण आपल्या लांब चढांसाठी मी तो काटकसरीचा मार्ग सुचवणार नाही.

टू-स्ट्रोक इंजिनाची आणखी एक अडचण आहे. त्याच्या फुगीर एक्झॉस्ट पाइपमध्ये दाबाची लाट मागे परतते आणि सिलिंडरमधून निसटू पाहणारे ताजे मिश्रण पुन्हा आत ढकलते. इंजिनाची निम्मी करामत त्या लाटेच्या वेळेत आहे. म्हणून टर्बो सहसा या पाइपच्या पुढे, मूळ सायलेन्सरच्या जागी बसवतात. त्यामुळे पाइपमधला दाब आणि तापमान दोन्ही वाढतात, तापलेल्या वायूत लाट अधिक वेगाने धावते, आणि चढाच्या सुरुवातीला जुळलेले गणित माथ्याजवळ थोडे बदललेले असते. चांगल्या किटचा इंधन-मॅप, म्हणजे केव्हा किती इंधन सोडायचे याचा नियंत्रकातला तक्ता, हे लक्षात घेऊन केलेला असतो. इंटरनेटवरून कोणाचा तरी मॅप उतरवून घेण्याचा मोह यासाठीच टाळावा.

शिवाय टू-स्ट्रोक इंजिनाच्या तळाशी तेलाचा साठा नसतो, आणि टर्बोचा दांडा मात्र मिनिटाला लाखभर फेरे सहज घेतो. त्याच्या बेअरिंगला तेल कुठून मिळते, वेगळी टाकी आहे की नाही, आणि गाडी उलटली तर त्या तेलाचे काय होते, हे प्रश्न खरेदीपूर्वी विचारावेत. खोल बर्फात गाडी उलटतेच. इंजिनाला लागणाऱ्या तेलाचे प्रमाणही वाढवावे लागते. काही किटबरोबर टाकीतल्या पेट्रोलमध्ये थोडे तेल मिसळण्याची सूचना असते आणि ती पर्यायी समजू नये.

किट बसवण्याआधी दोन्ही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. उंचीनुसार आकडा खाली-वर होतो, म्हणून दोन सिलिंडरमधला फरक अधिक बोलका असतो. फरक ठळक असेल किंवा पिस्टनवर ओरखडे दिसत असतील, तर आधी इंजिन खोलावे. थकलेल्या इंजिनाला टर्बो लावून ते ‘जागे’ झाल्याचे मी पाहिले आहे. ते जागेपण दोन शनिवार-रविवार टिकले.

आपण गाडी बदलण्याच्या विचारात असाल तर आणखी एक मार्ग आहे. स्की-डू कंपनीने २०२० च्या मॉडेलपासून समिट गाडीत कारखान्यातच टर्बो बसवलेले ८५० सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन दिले, आणि पोलारिस कंपनीने २०२२ च्या मॉडेलमध्ये पॅट्रियट बूस्ट हे आपले टर्बो इंजिन आणले. अशा गाडीत इंजिन, मॅप, क्लच आणि थंड ठेवण्याची व्यवस्था एकमेकांसाठी बनवलेली असते आणि वॉरंटी शाबूत राहते. आपल्याच गाडीवर जीव जडला असेल तर किट घ्यावे, पण वॉरंटी गेली असे धरूनच. अमेरिकेत २००६ च्या मॉडेलपासून स्नोमोबाईलना संघीय उत्सर्जन मानके लागू आहेत आणि प्रमाणित इंजिनाच्या उत्सर्जन-व्यवस्थेत फेरफार करण्यास कायद्याने मनाई आहे. गाडी जिथे चालवणार तिथला नियम आधी वाचावा.

एक गोष्ट आपण विचारलेली नाही, पण सांगितल्यावाचून राहवत नाही. आजवर आपली गाडी ज्या चढावर अर्ध्यातच दमून वळत होती, तो चढ ती आता पूर्ण करील. हिमप्रपात बहुतेक करून ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुटतात, आणि वाढलेली शक्ती आपल्याला नेमकी तिथेच नेते. चढावर एका वेळी एकच गाडी असावी, बाकीच्यांनी खाली उताराच्या वाटेत थांबू नये, आणि ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेल्याचा माग लावणारे रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधण्याची लांब काठी) व फावडे गाडीवर न बांधता अंगावर असावे.

प्रश्न : मागच्या हिवाळ्यात किट बसवले. बूस्ट बरोबर चार पौंड येतो, तरीही पूर्ण थ्रॉटलला इंजिन नेहमीपेक्षा तीन-चारशे आरपीएम वर जाते आणि बेल्ट सारखे तुटतात. दोष टर्बोचा आहे का?

उत्तर : दोष टर्बोचा नाही, क्लचचा आहे, किंबहुना आपण क्लचला हात न लावल्याचा आहे. पुढच्या क्लचमधली, म्हणजे इंजिनाकडच्या पुलीमधली, वजने फिरताना बाहेर फेकली जातात आणि स्प्रिंगच्या विरोधात बेल्ट आवळतात. इंजिन कोणत्या आरपीएमवर स्थिरावणार हे या वजनांवर ठरते. उंचीवर चालणाऱ्या गाडीत ही वजने हलकी ठेवलेली असतात, कारण तिथे इंजिनाला जोर कमी असतो. टर्बोने तो जोर परत आणल्यावर हलकी वजने इंजिनाला आवरू शकत नाहीत. इंजिन पाइपच्या जुळणीच्या पलीकडे पळते, शक्ती उलट घटते, बेल्ट घसरतो आणि तापतो.

आपल्याच गाडीच्या माहितीपुस्तकात समुद्रसपाटीसाठी जे वजन दिले असेल, तिथून सुरुवात करावी. चार पौंडांच्या बूस्टला ते आश्चर्यकारकरीत्या जवळपास बसते, कारण इंजिनाच्या दृष्टीने आपण त्याला समुद्रसपाटीवरच आणलेले असते. मग क्लचमधल्या प्रत्येक वजनात एखाद-दुसरा ग्रॅम बदलत, त्याच चढावर आणि शक्यतो तशाच बर्फात, आरपीएमचा काटा कंपनीने सांगितलेल्या आकड्यावर येईपर्यंत प्रयोग करावा. एका वेळी एकच बदल, आणि तो वहीत लिहून. मागच्या क्लचच्या हेलिक्सकडे, म्हणजे त्यातल्या तिरक्या कडांच्या भागाकडे, यानंतर वळावे. चढ संपल्यावर इंजिन बंद करून झाकण उघडावे आणि पुली चाचपून पाहावी. तिच्यावर तळहात ठेववत नसेल, तर बेल्टचे दिवस भरत आले आहेत. क्लचपेटीत हवा खेळती राहण्याच्या जाळ्या बर्फाने बुजलेल्या नाहीत ना, हेही पाहावे.

प्रश्न : टर्बोसाठी विमानाचे पेट्रोल वापरावे असे एकाने सुचवले. ते योग्य आहे का?

उत्तर : सुचवणाऱ्याचा हेतू नॉकिंग टाळण्याचा आहे आणि भीती रास्त आहे. दाब आणि तापमान वाढले की ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच कोपऱ्यातले मिश्रण आपोआप पेटते, आणि त्या धक्क्यांनी पिस्टनच्या कडा झिजू लागतात. मोटारीत टर्बोला मधूनमधून विसावा मिळतो. खोल बर्फातल्या चढावर पूर्ण थ्रॉटल अर्धा-एक मिनिट सलग दाबलेला राहतो, आणि हेल्मेटच्या आत नॉकिंगचा आवाज बहुधा ऐकूच येत नाही.

तरीही १००एलएल हे विमान-पेट्रोल शुद्ध स्वरूपात सरसकट ओतण्याच्या मी विरोधात आहे. त्यात शिसे असते आणि ते मिश्रणाचे प्रमाण मोजणारा ऑक्सिजन सेन्सर निकामी करते. म्हणजे ज्या उपकरणाच्या आधाराने आपण इंजिन वाचवणार, तेच आंधळे होते. हिवाळी पेट्रोलच्या मानाने त्याची वाफ कमी होते, त्यामुळे कडाक्याच्या थंडीत गाडी सुरू व्हायला त्रास देते. मॅप ज्या इंधनावर बसवला आहे तेच इंधन वापरणे हा सर्वांत कमी धोक्याचा मार्ग आहे. ऑक्टेनचा आकडा वाचताना एक खबरदारी घ्यावी : उत्तर अमेरिकेत पंपावर दोन पद्धतींची सरासरी लिहितात, तर युरोपात त्यांतील मोठा आकडा लिहितात. अमेरिकेतले ९१ आणि युरोपातले ९५ हे जवळपास एकच पेट्रोल असू शकते, आणि किट एका खंडातून व गाडी दुसऱ्या खंडात असेल तर हा गोंधळ महागात पडतो. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल नॉकिंगला सहजी दाद देत नाही हे खरे, पण ते जळायला प्रमाणाने अधिक लागते. त्याच मॅपवर इथेनॉल वाढवले तर मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते, आणि टू-स्ट्रोकमध्ये पातळ मिश्रण म्हणजे तापलेला पिस्टन.

प्रश्न : दुसऱ्या मॉडेलच्या गाडीवरून काढलेले वापरलेले किट मिळत आहे. घ्यावे का?

उत्तर : टर्बो, इंटरकूलर आणि नळ्या कदाचित बसतील, मॅप, इंधनाची वाढीव व्यवस्था आणि जोडणीचे ब्रॅकेट बहुधा बसणार नाहीत, आणि किटची निम्मी किंमत त्यांचीच असते. पाहायला जाल तेव्हा टर्बोचे चाक बोटांनी फिरवून दांडा पुढे-मागे हलवून बघावा. दांडा पुढे-मागे जाणवण्याइतका सरकत असेल, पात्यांच्या टोकांवर बारीक कोच पडले असतील किंवा थंड हवेच्या नळीत तेलाचा थर दिसत असेल, तर सौदा सोडावा. पाती नितळ आणि दांडा घट्ट असला, तरी आपल्या मॉडेलचा मॅप किट बनवणाऱ्याकडून मिळेल असे लेखी उत्तर हाती येईपर्यंत पैसे देऊ नयेत.