ट्रॅकवरचा टायर आणि परतीचा रस्ता

प्रश्न : माझी गाडी पुढची चाके ओढणारी असून टायरचा आकार २२५/४५ आर १७ (रुंदी २२५ मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या ४५ टक्के, रिम १७ इंची) आहे. रोज कामावर जाण्यासाठी मी तीच वापरतो आणि वर्षातून चार-पाच वेळा शर्यतीच्या ट्रॅकवरही नेतो. ट्रॅक घरापासून दीडशे किलोमीटर दूर आहे आणि टायर बदलून न्यावेत अशी सोय माझ्याकडे नाही. सोबतचे चालक सेमी-स्लिक टायर (मऊ रबराचे, कमी खाचांचे, मुख्यतः ट्रॅकसाठी बनवलेले) घेण्याचा आग्रह करतात. २०० ट्रेडवेअरचा (म्हणजे झिजेचा अंक २०० असलेला) टायर म्हणजे दोन्हीकडे चालणारा, असेही ऐकले. मी काय घ्यावे? निदान पुढचे दोन टायर तरी सेमी-स्लिक घ्यावेत का?

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची माहिती मला दीडशे किलोमीटरच्या त्या अंतरात दिसते. ज्या टायरवर आपण ट्रॅकवर गाडी चालवणार, त्याच टायरवर दिवस संपल्यावर, दमलेल्या अवस्थेत, कदाचित पावसात आणि अंधारात घरी परतणार आहात. म्हणून निवड त्या परतीच्या प्रवासासाठी करावी आणि ट्रॅकवरचे काही सेकंद सोडून द्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्यासाठी योग्य टायर म्हणजे रस्त्यासाठीच बनवलेला, उच्च क्षमतेचा उन्हाळी टायर (म्हणजे बर्फाळ थंडीसाठी नसलेला, पण पावसातही चालणारा). मिशेलिनचा पायलट स्पोर्ट ४ एस हा या वर्गातील परिचित नमुना असून इतर मोठ्या कंपन्यांचेही याच तोडीचे टायर मिळतात.

कारण समजून घ्यायचे तर रबर पकड कशी देते, हे पाहावे लागेल. रस्त्याचा पृष्ठभाग बारीक खड्यांचा असतो. रबर त्या खड्यांवर दबते, पुन्हा उचलले जाते, आणि या दबण्या-उचलण्यात जी ऊर्जा रबराच्या आत खर्च होते तिच्यातून पकडीचा मोठा वाटा येतो. ही क्रिया तापमानावर अवलंबून असते. सेमी-स्लिकच्या रबराचे मिश्रण साधारण ८० ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास उत्तम काम करावे अशा बेताने बनवलेले असते. ट्रॅकवर दोन-तीन फेऱ्यांत ते तापमान गाठले जाते, रोजच्या रस्त्यावर मात्र ते सहसा गाठले जात नाही. शिवाय नव्या रस्त्याच्या टायरच्या खाचा साधारण ८ मिलिमीटर खोल असतात, तर सेमी-स्लिकच्या त्याहून उथळ आणि संख्येनेही कमी असतात. नुसत्या ओलसर रस्त्यावर मऊ मिश्रण चांगली पकड देऊ शकते, हे मान्य करायला हवे. खरी भीती साचलेल्या पाण्याची आहे, कारण पाणी बाजूला सारायला खाचाच पुरेशा नसतील तर टायर पाण्यावर तरंगू लागतो, आणि त्या क्षणी मिश्रण कितीही मऊ असले तरी त्याचा रस्त्याशी संबंधच उरत नाही. असा एक परतीचा प्रवास मी स्वतः, अर्धे झिजलेले सेमी-स्लिक लावून, मुसळधार पावसात केला आहे. सबंध वाट ताशी ५० किलोमीटरच्या पुढे जाण्याचे धाडस झाले नाही, आणि त्यानंतर तो संच मी पुन्हा रस्त्यावर आणला नाही.

उथळ खाचांचा ट्रॅकवर फायदा असतो, हेही सांगितले पाहिजे. नक्षीचा ठोकळा जितका उंच, तितका तो वळणावर डुलतो, तापतो, आणि फारच तापला तर त्याच्या कडांचे तुकडे निघू लागतात. म्हणूनच रस्त्याचा टायर अगदी कोरा असताना ट्रॅकवर नेऊ नये. आधी काहीशे किलोमीटर तो साध्या रस्त्यावर चालवावा, आणि ट्रॅकवर सलग तीस मिनिटे ताणण्याऐवजी पाच-सहा वेगवान फेऱ्या झाल्या की एक फेरी सावकाश घ्यावी. टायर अतितापला की स्टिअरिंग मऊ लागते, पुढचा भाग वळणाबाहेर सरकू लागतो आणि आवाजही बदलतो. रस्त्याच्या टायरचा एक मोठा गुण असा की तो ही सूचना बरीच आधी आणि सावकाश देतो. वर्षातून चार-पाच वेळाच ट्रॅकवर जाणाऱ्या चालकासाठी मी या गुणाला पकडीइतकेच मोल देतो.

आता २०० या अंकाविषयी. अमेरिकेतील प्रतवारी पद्धतीनुसार टायरच्या भिंतीवर ट्रेडवेअरचा अंक असतो. एका प्रमाणित टायरला १०० धरून, सुमारे ७,२०० मैलांच्या म्हणजे साधारण ११,६०० किलोमीटरच्या रस्त्यावरील चाचणीत झालेल्या झिजेवरून हा अंक काढतात, आणि तो कंपनी स्वतः जाहीर करते. त्यात पकडीचे मोजमाप मुळीच नसते. त्याच्याशेजारी असणारे ‘एए’ किंवा ‘ए’ हे अक्षर पकडीचे असले, तरी ते ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत घेतलेल्या चाचणीचे असते. वळणावरची किंवा कोरड्या रस्त्यावरची पकड त्यातून कळत नाही. अमेरिकेतील एससीसीए (स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका) या संस्थेच्या स्ट्रीट वर्गातील स्पर्धांत किमान २०० ट्रेडवेअरची अट आहे, आणि अशा नियमांमुळेच बरोबर २०० अंक असलेले अतिशय चिकट टायर बाजारात दिसतात. योकोहामाचा अ‍ॅडव्हान ए०५२ हे त्याचे उदाहरण. तेव्हा २०० अंकाचा एक टायर रोजच्या वापराला पुष्कळ पुरेल आणि दुसरा काही ट्रॅकदिवसांतच संपेल, असे सहज घडू शकते. एकाच कंपनीच्या दोन टायरांची तुलना करताना हा अंक काहीसा उपयोगी पडतो. दोन कंपन्यांमध्ये त्यावरून निर्णय घेऊ नये.

फक्त पुढे सेमी-स्लिक लावण्याचा विचार मात्र कृपया सोडून द्या. कोरड्या रस्त्यावर पुढची पकड मागच्यापेक्षा बरीच वाढली की वळणात वेग कमी करताना मागची बाजू सुटण्याची शक्यता वाढते, आणि पावसात हेच समीकरण अचानक उलटते. एकाच गाडीचे दोन स्वभाव आणि त्यांतला कोणता केव्हा समोर येईल हे ठाऊक नाही, अशी अवस्था अनुभवी चालकालाही अवघड जाते. चारही टायर एकाच नमुन्याचे असावेत.

टायर कोणताही घ्या, हवेचा दाब सांभाळल्याशिवाय त्याचा उपयोग नाही, आणि या एका गोष्टीकडे ट्रॅकवर जाणाऱ्यांपैकी फार जण दुर्लक्ष करतात याची मला खंत वाटते. सकाळी २५ अंश तापमानाला ३२ पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) भरलेला टायर आतून ८० अंशांपर्यंत तापला, तर त्याच हवेचा दाब ४० पीएसआयच्या घरात जातो. टायर फुगून त्याचा मधलाच भाग रस्त्याला नीट टेकतो, पकड घटते, आणि चालकाला वाटते की टायरच वाईट आहे. म्हणून ट्रॅकवरून आत येताच, टायर गरम असतानाच दाब मोजावा आणि टायर कंपनीने गरम अवस्थेसाठी दिलेल्या आकड्यापर्यंत थोडी थोडी हवा काढावी. भिंतीपासून नक्षीपर्यंत खडूची रेघ ओढून ठेवली, तर टायर किती लोळतो हेही दिसते: रेघ भिंतीवरून खालपर्यंत पुसली गेली असेल तर दाब कमी आहे, नक्षीच्या कडेवरही शिल्लक असेल तर जास्त.

मात्र गरम असताना ३४ पीएसआयवर आणलेला हाच टायर संध्याकाळी २५ अंशांना थंड झाला, की त्यात साधारण २६ पीएसआयच उरतात. ज्या गाडीला ३२ हवेत ती दीडशे किलोमीटरचा प्रवास २६ वर करणार! कमी दाबाच्या टायरची भिंत वेगात सतत वाकते, आतून तापते, आणि खाचा पाणीही नीट बाहेर टाकू शकत नाहीत. दाबमापक आणि हवा भरण्याचा छोटा पंप गाडीतच ठेवा, आणि निघण्यापूर्वी टायर थंड होऊ देऊन हवा पुन्हा भरा.

शेवटी टायरच्या शेजारची एक बाब. पकड वाढली की ट्रॅकवरचा वेग वाढतो आणि ब्रेकवरचा भार त्याहून अधिक वाढतो. ताशी १५० ऐवजी १६० वरून ब्रेक लावताना सुमारे १४ टक्के जास्त ऊर्जा उष्णतेत जाते. डॉट ४ प्रतीच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवे असताना किमान २३० अंश असतो, पण ओलावा शोषलेल्या तेलासाठी प्रमाणाची किमान मर्यादा १५५ अंशांचीच आहे. आपल्या गाडीतले तेल गेल्या वर्षभरात बदललेले नसेल, तर टायरच्या आधी ते बदला.

प्रश्न : १७ इंचांच्या रिमऐवजी १८ इंची रिम घेऊन २२५/४० टायर लावल्यास ट्रॅकवर फरक पडेल का? की जुन्याच ७ इंच रुंदीच्या रिमवर २४५ चा रुंद टायर बसवणे अधिक चांगले?

उत्तर : दुसऱ्या पर्यायाला माझा विरोध आहे. २४५/४० आर १७ या टायरसाठी रिमची रुंदी साधारण ८ इंचांपासून पुढे अपेक्षित असते. अरुंद रिमवर त्याच्या भिंती आत ओढल्या जातात, नक्षीचा पट्टा गोलसर होतो आणि वळणावर टायर रिमवर डोलतो. म्हणजे ज्यासाठी रुंदी वाढवली तेच हाती लागत नाही.

पहिला पर्याय हिशेबात बसतो. २२५/४५ आर १७ चा एकूण व्यास सुमारे ६३४ मिलिमीटर आहे आणि २२५/४० आर १८ चा सुमारे ६३७, त्यामुळे वेगदर्शकात नाव घेण्याजोगा फरक पडणार नाही. भिंतीची उंची १०१ वरून ९० मिलिमीटरवर येईल आणि स्टिअरिंगला गाडी थोडी लवकर प्रतिसाद देईल. पण १८ इंची रिम बहुधा जड असते आणि खड्ड्यात वाकण्याचा धोकाही वाढतो. रोजचा रस्ता खराब असेल तर मी १७ इंचांवरच थांबेन आणि चांगल्या अलाइनमेंटवर (चाकांचे कोन जुळवण्यावर) खर्च करेन, कारण ट्रॅकवर बहुतेक गाड्यांच्या पुढच्या टायरचा बाहेरचा खांदाच (नक्षीची बाहेरची कडच) आधी संपतो आणि थोडा अधिक ऋण कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकवणे) दिल्यास ती झीज पुष्कळ आटोक्यात येते.

रिम बदललीच, तर भार निर्देशांक अवश्य पाहा. ९१ म्हणजे प्रत्येक टायरवर ६१५ किलो, ९२ म्हणजे ६३० किलो. मात्र २२५/४० आर १८ हा ९२ निर्देशांकाचा टायर ‘एक्सएल’ (जादा भाराच्या) प्रकारचा असतो आणि युरोपीय प्रमाणानुसार त्याची ही क्षमता २.९ बार (सुमारे ४२ पीएसआय) दाबाला मोजलेली असते, तर साध्या टायरची २.५ बारला (सुमारे ३६ पीएसआय). याचा अर्थ जुनाच दाब ठेवल्यास कागदावर अधिक सक्षम दिसणारा नवा टायर प्रत्यक्षात कमी भार पेलतो, त्यामुळे थंड अवस्थेतील दाब नव्याने ठरवावा लागेल. वेगाचे अक्षरही मूळ टायरपेक्षा खालचे नसावे. ‘व्ही’ ताशी २४० किलोमीटरपर्यंत, ‘डब्ल्यू’ २७० आणि ‘वाय’ ३०० पर्यंत असतो.

प्रश्न : एका परिचिताकडून ट्रॅकवर वापरलेले सेमी-स्लिक मिळत आहेत. खाचा निम्म्याहून अधिक शिल्लक आहेत. घ्यावेत का?

उत्तर : घेऊ नयेत, असेच मी सांगेन. ट्रॅकच्या टायरमध्ये खाचा शिल्लक असणे आणि पकड शिल्लक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टायर पूर्ण तापून पुन्हा थंड झाला की रबर थोडे कडक होते, आणि अशी आवर्तने किती झाली हे बाहेरून पाहून कळत नाही. भिंतीवरील डॉट संकेतातील (‘DOT’ अक्षरांनी सुरू होणाऱ्या निर्मितीच्या संकेतातील) शेवटचे चार अंक पाहिले, तर टायर केव्हा बनला एवढे समजते. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. हा पूर्ण संकेत अनेकदा टायरच्या एकाच बाजूला असतो, त्यामुळे तो दिसला नाही तर आतली बाजू तपासावी. तरीही घेण्याचे ठरलेच, तर टायर रिमवरून उतरवून आतून पाहिल्याशिवाय घेऊ नका: कमी दाबावर चाललेल्या टायरच्या आतल्या भिंतीवर रबराची भुकटी किंवा सुरकुत्यांचा पट्टा दिसतो, आणि तो दिसला तर त्या टायरवर ट्रॅकवर तर नाहीच, पण रस्त्यावरही गाडी नेऊ नये.