बँड जुळले, पण रोपं जुळली का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मोगली एरंडाच्या, म्हणजे जट्रोफाच्या, पानाच्या तुकड्यांपासून कॅलस (आकार न घेतलेल्या पेशींचा गोळा) केला, त्यातून रोपं काढली. त्यातली 8 रोपं आणि मूळ झाड आरएपीडी या डीएनए-तुलनेच्या चाचणीत 10 प्रायमरवर (डीएनएला चिकटणाऱ्या छोट्या तुकड्यांवर) तपासलं. सगळे बँड, म्हणजे जेलवर उमटणारे डीएनएचे पट्टे, जुळले. आता 'क्लोन स्थिर आहेत' असं लिहायला हरकत आहे का?

आहे.

आरएपीडीचा प्रायमर डीएनएच्या 10 अक्षरांचा. बँड उमटतो तो दोन्ही टोकांना प्रायमर बसला म्हणून. मधलं एखादं अक्षर बदललं तरी बँड जागचा हलत नाही. तुम्हाला 60 बँड मिळाले असं धरलं, तर खऱ्या अर्थाने तपासली गेली 1200 अक्षरं. जट्रोफाचा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, आहे सुमारे 40 कोटी अक्षरांचा! मधे मोठा तुकडा घुसला किंवा गळला तर कळेल, पण त्यातही जनुकाच्या दोनपैकी एकच प्रत बिघडली असेल तर दुसरी बँड देतेच.

8 रोपं हाही आकडा तोकडा आहे. समजा शंभरातली 5 रोपं बिघडलेली आहेत. तरीही 8 च्या 8 चांगलीच हाती लागण्याची शक्यता 66 टक्के. निदान एक तरी बिघडलेलं सापडेल अशी 95 टक्के खात्री हवी तर 59 रोपं घ्यावी लागतात. तीही एकाच बाटलीतली नकोत. वेगवेगळ्या सबकल्चरमधली (नव्या माध्यमावर हलवलेल्या फेऱ्यांतली) घ्या.

डीएनएचा क्रम तोच राहूनही रोप बिघडतं, हे ऑइल पामने (तेलाच्या ताडाने) दाखवलं. त्या झाडाला वाढीचा कोंब एकच, फुटवे नाहीत, म्हणून क्लोन करायचे तर टिश्यू कल्चरच. पण काही क्लोनना 'मँटल्ड' फुलं आली: पुंकेसरांच्या जागी स्त्रीकेसरासारखे भाग, आणि बिघाड तीव्र असेल तर फळ वांझ. हे कळतं फुलोरा आल्यावर, म्हणजे लावणीनंतर दोन-तीन वर्षांनी. आरएपीडीने या झाडांत फरक दिसला नव्हता. 2015 साली कारण उघड झालं: फुलाच्या एका जनुकात बसलेल्या 'कर्मा' नावाच्या उड्या मारणाऱ्या डीएनएवरचं मेथिलेशन (डीएनएवर बसणारी मेथिलची रासायनिक खूण) गळालं होतं. (नाव आधीपासूनचं आहे, विनोद नंतर झाला.)

म्हणून एमएसएपी, म्हणजे मेथिलेशनमधला फरक दाखवणारी चाचणी, करा. एचपीए-2 आणि एमएसपी-1 ही दोन्ही विकरं (एन्झाइम) डीएनएमधली सीसीजीजी या अक्षरांची एकच जागा कापतात, पण आतल्या सी वर मेथिल असेल तर पहिलं अडतं आणि दुसरं कापतं. हा फरक तुम्हाला हवा आहे. गुणसूत्रसंच दुप्पट झालाय का, ते फ्लो सायटोमेट्रीत (पेशीतला डीएनए मोजण्याच्या पद्धतीत) पाहा. कॅलसमधे ही भानगड नेहमीची. मूळ झाडाचा नमुना प्रत्येक जेलवर हवाच; मी एकदा तो जपून ठेवला नव्हता आणि सगळी तुलना हवेत गेली.

खरं तर कॅलसच्या वाटेला जायची गरज होती का? पानाच्या बेचक्यातल्या डोळ्यांपासून फुटवे काढले की धोका बराच कमी. सबकल्चरची संख्या ठरवून घ्या आणि ती झाली की मूळ झाडाकडे परत जा. तेल किती, कसलं, हे मात्र शेतातल्या झाडाला बी धरल्यावरच मोजता येईल.

तोवर अहवालात एवढंच लिहा: 'तपासलेल्या 8 रोपांत, वापरलेल्या 10 प्रायमरवर, मूळ झाडाहून फरक आढळला नाही.'