आधी पाइप विचार, मग कलम सांग

चिरंजीव लेकीस अनेक आशीर्वाद.

भूजल खात्यात कनिष्ठ भूवैज्ञानिक म्हणून तुझी नेमणूक झाली, तीही आपल्याच जळगाव जिल्ह्यात, हे ऐकून फार बरं वाटलं. फोनवर तू विचारलंस, "आबा, खात्याची माणूस म्हणून गावात गेले तर लोक माझ्याशी मोकळं बोलतील का?" त्याचं उत्तर फोनवर नीट देता आलं नाही, म्हणून लिहितो. मी रावेर पट्ट्यातला केळीवाला. मोजणीला येणारे, पंचनामा करणारे, नोटीस चिकटवून जाणारे असे सगळे साहेब आमच्या बांधावर येऊन गेले. गाव कोणाजवळ बसलं आणि कोणाला पाहून पांगलं, ते मी जवळून पाहिलंय.

तुझ्या टेपवर मीटर असतात. केळीवाल्याचं माप पाइप. मे महिन्यात मोटर हवा ओढायला लागली, ठिबकच्या शेवटच्या नळ्यांना पाणी पोचेनासं झालं, की बोअरवर तिपाई उभी राहते. चार माणसं चेन-पुलीवर मोटर वर काढतात, एकजण केबल सांभाळतो, आणखी दोन पाइप जोडले जातात आणि मोटर परत खाली. ज्याच्या शेतात हे होतं त्याला भूजल पातळी म्हणजे काय हे समजावून सांगायची गरज नसते. त्याला विचार, "अण्णा, मागच्या पाच-सात वर्षांत किती पाइप वाढवले?" तो बोटांवर मोजून सांगेल, कोणत्या साली किती तेही सांगेल. तो आकडा त्याच्यासमोर वहीत लिही आणि जवळच्या निरीक्षण विहिरीच्या नोंदीशी ताडून दाखव. दोन्ही जुळले की तुझ्या खात्याचं म्हणणं त्याला स्वतःच्या बोअरमधून पटतं.

खातं निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजतं, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये. गावात हे फार थोड्यांना ठाऊक आहे. माणूस येतो, टेप सोडतो, वहीत काहीतरी लिहितो आणि गाडीला किक मारून निघून जातो. मग काही वर्षांनी पेपरात येतं की रावेर-यावल अतिशोषित तालुक्यांच्या, म्हणजे जिरतं त्याहून जास्त पाणी उपसणाऱ्या तालुक्यांच्या यादीत आहेत. ज्याच्या विहिरीत टेप सोडला होता, त्यालाही ही बातमी पेपरातूनच कळते. लोकांचा राग इथून सुरू होतो. आपल्या विहिरीचं पाणी मोजलं जातं आणि निकाल आपल्याला सोडून बाकी सगळ्यांना कळतो, असं शेतकऱ्याला वाटतं, आणि त्याचं खरं आहे. तेव्हा प्रत्येक मोजणीचा आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहून ये. गेल्या वर्षी याच महिन्यात किती होता तोही शेजारी लिही.

आता कायद्याचं. 2009चा भूजल अधिनियम तुझ्या बॅगेत असेलच. पण पहिल्या भेटीत तो बाहेर काढू नको. त्या कायद्याने 60 मीटरपेक्षा जास्त खोल गेलेली विहीर म्हणजे खोल विहीर, आणि तिच्यावर बंधनं आहेत. 60 मीटर म्हणजे दोनशे फुटांच्या आत. आपल्या गाळाच्या पट्ट्यात आज दोनशे फुटांवर कोण थांबतो? पहिल्याच वाक्यात तू अर्धं गाव गुन्हेगार ठरवशील आणि मग कोणी खरी खोली सांगणार नाही. त्यापेक्षा पिण्याच्या पाण्याच्या नियमापासून सुरुवात कर. सार्वजनिक पाणीपुरवठ्याच्या विहिरीपासून 500 मीटरच्या आत नवी विहीर घ्यायची नाही, हा नियम 1993च्या कायद्यापासूनचा. तो लोकांना पटतो, कारण गावची विहीर आटली की मे महिन्यात हंडे कोणाच्या घरातल्या बायका वाहतात हे सगळ्यांना माहीत असतं. एक नियम पटला की दुसऱ्यावर निदान बोलणं होतं.

कारवाई करायची वेळ आली तर आधी बोअरच्या गाडीपर्यंत जा. गाडी रात्री येते, पहाटेपर्यंत बोअर घेऊन दुसऱ्या तालुक्यात निघून जाते, आणि सकाळी पंचनाम्याला हातात सापडतो तो दोन एकरवाला. गाडीमालकाने नोंदणी केली पाहिजे असं कायदा सांगतो. गाडी कोणाची, एजंट कोण, हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं. तिथे हात घातलास तर शेतकरीच तुला माहिती देतील. आणि वजनदार माणसाचा बोअर सोडून लहान्याचा पकडलास, तर एका रात्रीत पंचवीस गावांत बातमी होईल आणि पुढची सगळी वर्षं तुझं बोलणं कोणी मनावर घेणार नाही. याबाबत मी तुला अजिबात सूट देत नाही. वरून फोन आला तरी वहीतली नोंद बदलायची नाही.

लोक तुला अडचणीचे प्रश्न विचारतील. 2024पासून सरकारने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत केली. मग एक खातं सांगतं मोटर चालवा, दुसरं सांगतं पाणी उपसू नका, आम्ही कोणाचं ऐकायचं? या प्रश्नाला बगल देऊ नको. "अण्णा, यात विसंगती आहे," असं सरळ म्हण. सरकारची बाजू घेऊन भांडायला तू तिथे गेलेली नाहीस. दुसरा प्रश्न तापीच्या मेगा रिचार्जचा, म्हणजे तापीचं पाणी वळवून जमिनीत जिरवायच्या मोठ्या प्रकल्पाचा येईल. मे 2025मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशात त्याचा करार झाला, तेव्हापासून आपल्याकडे बरेच जण म्हणतात, आता पाणी येणारच आहे, मग उपसा कशाला कमी करायचा? त्यांना सातपुड्याच्या पायथ्याशी घेऊन जा. तुम्ही ज्याला बझाडा म्हणता, तो दगडगोट्यांचा आणि वाळूचा पट्टा तिथे दाखव. डोंगरातून उतरणाऱ्या नद्यांचं पाणी तिथे जिरतं आणि खालच्या शिवारांना मिळतं. मोठं पाणी येईल तेव्हा त्यालाही जिरायला अशीच जागा लागणार आहे. नाले बुजवून, वाळू उचलून तीच जागा घालवली तर कराराचा कागद काय करणार?

ठिबकवरही प्रामाणिकपणे बोल. आपल्याकडे जवळपास प्रत्येक केळीबागेत ठिबक आहे, त्याचा आम्हाला अभिमानही आहे. पण एकरी पाणी वाचलं तसं वाचलेल्या पाण्यावर केळीचं क्षेत्र वाढत गेलं. जून-जुलैत लावायची मृगबाग तर होतीच, तिला पावसाळ्याच्या शेवटी लावायच्या केळीच्या कांदेबागेची जोड मिळाली. हे आमच्या लोकांना ऐकायला आवडत नाही. तरी सांग, पण आधी गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडून. किती पाऊस पडला, किती मुरला, कोणत्या पिकाने किती प्यायला. अटल भूजल योजनेत आपल्या जिल्ह्यातल्या गावांनी असे ताळेबंद केलेत, ते कपाटातून बाहेर काढ.

सवड काढून एकदा धुळे जिल्ह्यात साक्रीकडे जा आणि पांझरेवरची फड पद्धत बघून ये. काही शतकांपासून तिथे नदीवरच्या बंधाऱ्याचं पाणी पाटाने फडांत, म्हणजे एकत्र भिजणाऱ्या शेतांच्या गटांत जातं. एका फडात एक पीक, आणि पाणी सोडायचं काम गावाने नेमलेल्या पाटकऱ्याचं. जमिनीचा मालक कितीही मोठा असला तरी त्याने स्वतः बारं फोडून पाटाचं पाणी शेतात घ्यायचं नाही. पाणी कमी असेल त्या वर्षी काही फड पडीक ठेवायचे, तेही सगळ्यांनी मिळून ठरवायचं. त्याच तालुक्यातल्या बारीपाड्याने स्वतःच्या नियमांनी जंगल राखलं आणि चैत्राम पवारांना 2025मध्ये पद्मश्री मिळाली. तेव्हा "खानदेशातला शेतकरी नियम पाळत नाही" असं तुझ्या कार्यालयात कोणी म्हणालं तर गप्प बसू नको. इथल्या माणसाने पाण्याचे फार कडक नियम पाळलेत. ते त्याच्या समोर, त्याला विचारून ठरलेले होते. 2009च्या कायद्यातही पाणलोटाच्या समित्यांची तरतूद आहेच. ती कागदावर राहू नये यासाठी तुझी नोकरीची पहिली काही वर्षं खर्ची पडली तरी ती कारणी लागली असं मी मानेन.

आणि पाणाड्याची टिंगल करू नको. नारळ घेऊन फिरणाऱ्यावर लोकांचा विश्वास बसतो, कारण तो शेतभर त्यांच्याबरोबर चालतो आणि चहा घेऊन जातो. तूही चाल.

ऑक्टोबरच्या मोजणीला आपलं गाव तुझ्याकडे असेल तर दोन दिवस आधी कळव. त्या आठवड्यात लाइट रात्रीची असेल तर पहाटेपर्यंत मोटरी चालतात आणि सकाळी पातळी खाली गेलेली दिसते, म्हणून वेळापत्रक विचारूनच ये. आजूबाजूच्या चार-पाच जणांना मोटरी बंद ठेवायला मी सांगून ठेवतो, त्यांना विहिरीवरही बोलावतो. टेप त्यांच्याच हातात दे.

तुझा,
आबा