तान्ह्या बाळाला घेऊन एकटीने प्रवास करताना स्वच्छतागृहाचं काय करायचं?

तुझा प्रश्न नीट वाचला. बाळ सहा महिन्यांचं, पुण्याहून सोलापूरला माहेरी एसटीने एकटी निघणार, आणि वाटेत लघवीला लागली तर बाळाला कुणाकडे द्यायचं हे कळत नाही. शिवाय लिहिलंयस, की मागच्या वेळी आदल्या संध्याकाळपासूनच पाणी पिणं बंद केलं होतंस. आधी पाण्याबद्दलच बोलते.

पाणी बंद करू नकोस. अंगावर पाजणाऱ्या बाईला तहान जास्त लागते, कारण तिच्या शरीराला पाणी जास्त लागतं. बाळंतपणानंतर ओटीपोटाखालचे स्नायू सैल झालेले असतात. शिंकलं, खोकलं तरी थेंब जातात अशा कितीतरी जणी आहेत, फक्त कुणी बोलत नाही. त्यात पाणी कमी आणि लघवी तासन् तास तुंबवलेली, म्हणजे जळजळ, थंडी वाजून ताप आणि मग औषधं. लघवीच्या मार्गाचा हा संसर्ग बहुतेक वेळा आपल्याच आतड्यातल्या जंतूंमुळे होतो, टॉयलेटच्या सीटवरून नाही. ज्या घाणीच्या भीतीने आपण जायचं टाळतो, तिच्यापेक्षा न जाण्याने जास्त त्रास होतो. तेव्हा दर दोन-तीन तासांनी जायचंच, हे धरून प्रवास ठरव.

बाळ कुणाकडे द्यायचं? स्टँडवर कुणाकडेच नाही. स्वच्छतागृहाच्या दारात बसलेल्या मावशी बहुतेक वेळा मायेने हात पुढे करतात, बाळाशी बोलतात. मला त्यांच्याबद्दल आदर आहे. पण त्यांच्याकडे माणसांची ये-जा सुरू असते, पैसे घ्यायचे असतात, बादल्या भरायच्या असतात, आणि आत गेल्यावर बाहेरचं तुला काही दिसत नाही. रेल्वेच्या डब्यात गोष्ट वेगळी. समोर एखादं कुटुंब बसलंय, दोन-तीन स्टेशनं गप्पा झाल्यात, कुठे उतरणार ते कळलंय, गाडी धावतेय आणि पुढचं स्टेशन लांब आहे, तर तिथल्या आजींच्या मांडीवर बाळ द्यायला हरकत नाही. मी दिलंय. मन कचरत असेल तर मात्र संकोच न करता बरोबर घेऊन जा.

म्हणजे बाळ आपल्याबरोबर आत, आणि आपले दोन्ही हात मोकळे. माझी मुलं तान्ही होती तेव्हा माझी नोकरी फिरतीची होती, तालुक्याच्या गावांतून हिंडायचं असायचं. त्या सगळ्या काळात कामाला आलेली वस्तू एकच, पुढे बांधायचा बेबी कॅरियर. कमरेला रुंद पट्टा आणि बक्कल असलेला घे. बाळाचं तोंड आपल्या छातीकडे. ओढणीची झोळी करून तेवढ्यापुरतं भागवू असं मनात आणू नकोस. खाली बसताना गाठ सरकते.

इंडियन संडासात बाळ छातीशी बांधून कसं बसायचं, हे बायका दबक्या आवाजात विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते. आधी दार उघडून आत नजर टाक: कडी लागते का, नळाला पाणी आहे का, फरशी निसरडी आहे का. ओढणी काढून बाहेरच बॅगेत कोंब. सलवार किंवा पँट नाडीची नको, इलॅस्टिकची हवी, आणि पाय आत टाकण्याआधीच ती पोटरीपर्यंत दुमडून घे. कुर्ता लांब असेल तर पुढचा आणि मागचा पदर वर घेऊन कॅरियरच्या कमरपट्ट्यात खोच. चप्पल मागे पट्टा असलेली. मोबाइल खिशात नको, बॅगेच्या चेनच्या कप्प्यात. बॅग पाठीवरची असेल तर पाठीवरच राहू दे, नाहीतर दाराच्या खुंटीला. खुंटी नसते असं धरूनच चाल आणि एस आकाराचा एक हूक जवळ ठेव, तो कडीला किंवा दाराच्या वरच्या कडेला अडकतो. बॅग फरशीवर टेकवायची नाही, कारण नंतर तीच तू बाळाच्या शेजारी ठेवणार असतेस.

बसताना कमरेतून वाकू नकोस, गुडघ्यातून सरळ खाली जा. एक हात बाळाच्या डोक्यामागे, दुसरा भिंतीला. बाळाचे पाय बाजूला येतात, ते आपल्या मांड्यांच्या बाहेर राहतील असं बघ, म्हणजे पोटावर दाब येत नाही. उठताना घाई नको, आधी एक पाय किंचित मागे घे, मग भिंतीचा आधार घेऊन वर ये. सहा महिन्यांचं बाळ साधारण सात किलोचं असतं आणि ते सगळं वजन पुढे असतं, म्हणून निघण्याआधी घरी, स्वच्छ जागेत, बाळाला बांधून चार वेळा बसून-उठून बघ. सिझर झालं असेल आणि अजून टाके ओढत असतील, किंवा गुडघे कुरकुरत असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नकोस आणि कमोडच शोध.

कमोड असेल तर अधांतरी बसायची सवय सोड. अर्धवट बसलं की मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही आणि थोड्या वेळाने परत जावं लागतं. सीट ओल्या टिश्यूने पूस, मग कोरड्याने, आणि सरळ बस. काळजी घ्यायची ती हातांची. कडी, नळ, पाण्याचा मग, सगळ्यांना आपण हात लावतो आणि बाहेर येताच बाळ तीच बोटं धरून तोंडात घालतं. कागदी साबणाची छोटी डबी मिळते ना, ती वरच्या खिशात असू दे, कारण बेसिनपाशी साबण सापडेलच असं नाही. सॅनिटायझर साबण नसेल तेव्हाच, आणि तो पूर्ण वाळल्याशिवाय बाळाला हात लावू नकोस. सुटे पैसेही त्याच खिशात, म्हणजे दारात पर्स उपसायला नको. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना पैसे, याविरुद्ध मुंबईत 2011 मध्ये ‘राइट टू पी’ (लघवीला जाण्याचा हक्क) मोहीम उभी राहिली. बायकांनी बोलायला सुरुवात केली म्हणून हा विषय महापालिकेच्या टेबलापर्यंत गेला. तेव्हा जादा पैसे मागितले तर दराचा फलक कुठे आहे असं शांतपणे विचारत जा.

जायचं कुठे, हा पुढचा भाग. स्टँडवर हिरकणी कक्ष असतो. तिथे बाळाला पाजता येतं, लंगोट-डायपर बदलता येतो, पण बहुतेक ठिकाणी आत स्वच्छतागृह नसतं. कुलूप दिसलं तर परत फिरू नकोस, चौकशीच्या खिडकीवर किंवा वाहतूक नियंत्रकांकडे किल्ली माग. महामार्गावर टोलनाक्यांपाशी स्वच्छतागृहं असतात. पेट्रोल पंपावर गाडीत तेल न भरताही स्वच्छतागृह वापरायला मागता येतं, ती सोय ठेवणं पंपावर बंधनकारक आहे; किल्ली ऑफिसात असते, बिनधास्त माग. आणि गावात असशील तर माझा सगळ्यात भरवशाचा ठिकाणा म्हणजे मोठं साड्यांचं दुकान. तिथे दिवसभर बायका कामाला असतात, म्हणजे आत त्यांच्यासाठी सोय असतेच. “ताई, बाळ बरोबर आहे, जरा टॉयलेट वापरू का?” एवढं म्हटलं की बहुतेक जणी स्वतः दाखवायला येतात. खाजगी प्रसूतिगृहातही मला कधी कुणी नाही म्हटलेलं नाही.

मॉलमध्ये किंवा मोठ्या स्टेशनवर दिव्यांगांसाठीचं मोठं स्वच्छतागृह असतं. आडवा दांडा, ऐसपैस जागा, आत बेसिन, बाळ बरोबर असताना याहून चांगली सोय नाही. तिथे कुणी थांबलेलं नसेल तर वापर आणि झटपट बाहेर ये. व्हीलचेअरवरचं माणूस आलं तर पहिला हक्क त्याचा. बाबागाडी मात्र प्रवासात नेऊच नकोस. ती आपल्याकडच्या संडासात शिरत नाही आणि दाराबाहेर बाळासकट ठेवायची तर अजिबात नाही.

वापरलेला डायपर गुंडाळून, चिकटपट्ट्या लावून, कागदात बांधून सुक्या कचऱ्यापासून वेगळा टाकायचा. संडासात किंवा गाडीच्या खिडकीतून कधीच नाही. रेल्वेच्या बायो-टॉयलेटमध्ये डायपर टाकला की ते तुंबतं, आणि उरलेला प्रवास त्या डब्यातल्या प्रत्येक बाईची गैरसोय होते.

खालच्या प्रतिक्रियांत कुणीतरी विचारलंय, की बाबा एकटा असेल तर? कॅरियर, हूक, साबण सगळं तेच. अडतं ते डायपर बदलण्यापाशी, कारण जिथे बदलायचा ओटा असतो तिथे तो बहुधा बायकांच्या बाजूला असतो. जाड मेणकापड आणि वर दुपटं घेऊन बसच्या सीटवर किंवा प्रतीक्षालयाच्या बाकावर बदलावं, एक हात कायम बाळावर ठेवून. आणि बाबांनी व्यवस्थापकाकडे या ओट्याची लेखी मागणी करावी, ही माझी मनापासून विनंती आहे.

आता तुझ्या प्रवासापुरतं. जमत असेल तर एसटीऐवजी रेल्वेने जा. सवलतीमुळे बायकांना एसटी अर्ध्या तिकिटात पडते हे खरं, पण स्वच्छतागृह डब्यातच असणं या महिन्यांत जास्त मोलाचं आहे. पुण्याहून संध्याकाळी हुतात्मा एक्सप्रेस आहे, मुंबई-सोलापूर वंदे भारतही आहे. दोन्ही रात्री पोचतात, म्हणून घ्यायला भाऊ स्टेशनवर येईल असं बघ. दौंड किंवा कुर्डुवाडी जवळ आली की रुळांचे सांधे बदलताना डबा हिंदकळतो, तेव्हा उठू नकोस. गाडी सरळ वेगात असताना जा आणि आत दांडा धरून ठेव. पाणी नसेल, घाण असेल तर 139 वर कळव.

एसटीनेच जायचं ठरलं, तर स्वारगेटला बस लागण्याआधी जाऊन ये. वाहकाजवळची सीट घे आणि बसताक्षणी त्यांना सांग, “दादा, बाळ आहे, थांब्यावर मला उतरावं लागेल, मी आल्याशिवाय गाडी सोडू नका.” धाब्यावर उतरताना शेजारच्या बाईलाही सांगून जा. वाटेत भिगवण, इंदापूर, टेंभुर्णी, मोहोळ लागतात. तिकीट काढतानाच विचारून ठेव की यातल्या कुठल्या स्टँडवर गाडी आत जाते आणि किती वेळ थांबते.